१३४७: गाजलं काय, उरलं काय

आपल्या शालेय पुस्तकांत १३४७ हे साल एका वाक्यात उरकतं: हसन गंगूने दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन केलं. युरोपातल्या मुलांच्या पुस्तकांत हेच साल येतं ते प्लेगच्या महासाथीसाठी. ही दोन वाक्यं एका पानावर सहसा भेटत नाहीत. भेटली की तारखांची एक गंमत दिसते. शुक्रवार, ३ ऑगस्ट १३४७ या दिवशी दौलताबादेत हसन तख्तावर बसला, आणि त्याच दिवशी उत्तर फ्रान्समधल्या कॅले बंदराने अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डपुढे शरणागती पत्करली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. दोन्ही ठिकाणच्या लोकांना दुसऱ्या ठिकाणाचं नावही माहीत असण्याचं कारण नव्हतं.

एका सालाचा आढावा म्हटला की बहुधा जंत्री हाती येते. अमका जन्मला, तमका वारला, इथे तह, तिथे लढाई. जंत्रीत सगळ्या नोंदी सारख्याच उंचीच्या दिसतात, हा तिचा मोठा दोष. शिवाय साल तरी सगळ्यांचं एक कुठे होतं? आपल्याकडे शके १२६९ चालू होतं, सुलतानाच्या दफ्तरात हिजरी ७४८, आणि इटलीतल्या सिएनात नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. म्हणून इथे पाहायचं ते एवढंच: त्या वर्षी ज्यांचा बोलबाला झाला त्यांतलं काय टिकलं, आणि ज्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही त्यातलं काय अंगावर आलं.

बोलबाल्यात पहिला नंबर रोमच्या कोला दि रिएन्झोचा. खाणावळवाल्याचा मुलगा, शिकून नोटरी झालेला, जुने लॅटिन शिलालेख वाचायचा नाद असलेला. पोप त्या काळी रोममध्ये नव्हतेच, आविन्योला राहत होते. आणि रोम शहर कोलोन्ना, ओर्सिनी अशा सरदार घराण्यांच्या मारामाऱ्यांत भरडलं जात होतं. २० मे रोजी कोलाने कॅपिटोलची टेकडी ताब्यात घेतली, सरदारांना शहराबाहेर काढलं आणि प्राचीन रोमच्या थाटात स्वतःला ‘ट्रिब्यून’ म्हणवून घेतलं. कवी पेत्रार्कला तर जुनं रोम पुन्हा उभं राहिल्याचा भास झाला. त्याने कोलाला पाठिंब्याची पत्रं धाडली. पण सत्ता डोक्यात जायला दोन महिने पुरले. १ ऑगस्टला, सम्राट कॉन्स्टंटाइनचं म्हणून पूज्य मानल्या जाणाऱ्या कुंडात स्नान करून या गृहस्थांनी सरदारकी घेतली, आणि १५ ऑगस्टला एकामागून एक सहा मुकुट डोक्यावर चढवून घेतले. नोव्हेंबरमध्ये वेशीवरच्या लढाईत कोलोन्ना घराण्यातले कर्ते पुरुष मारले गेले, म्हणजे विजय कोलाचाच झाला. तरी १५ डिसेंबरला रोममधून पळ काढावा लागला तोही त्यालाच. सात महिन्यांत खेळ आटोपला. पुढे १३५४ साली तो परत आला आणि रोमच्याच जमावाच्या हातून मेला. उरला तो वाग्नरच्या ऑपेरापुरता.

कोलाच्या मुकुटांपेक्षा मला कॉन्स्टँटिनोपलचा मुकुट जास्त बोलका वाटतो. सहा वर्षांचं यादवी युद्ध संपवून योहान कांटाकुझेनोस फेब्रुवारीत राजधानीत शिरला आणि मे महिन्यात त्याचा राज्याभिषेक झाला. तो हागिया सोफियात व्हायचा, पण आदल्याच वर्षी तिच्या घुमटाचा एक भाग कोसळला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. राजघराण्याचं खरं जवाहीर व्हेनिसकडे गहाण पडलेलं. तेव्हा मुकुटात बसवल्या त्या काचा, सोन्याच्या जागी सोनेरी मुलामा दिलेलं चामडं, आणि मेजवानीला कथलाची नि मातीची भांडी. ही नोंद निकिफोरस ग्रेगोरास या समकालीन इतिहासकाराने करून ठेवली आहे. हजार वर्षांचं साम्राज्य आणि पंगतीला मातीची ताटं! हाच सम्राट आदल्या वर्षी आपली मुलगी थिओडोरा ओर्खान या उस्मानी तुर्क सरदाराला देऊन बसला होता. कॉन्स्टँटिनोपल पडायला अजून शंभराहून अधिक वर्षं होती. कारणं मात्र १३४७ सालीच पंगतीत मांडलेली दिसतात.

कॅलेची कथा सगळ्यांना ठाऊक आहे, निदान रोदँच्या शिल्पामुळे. गळ्यात दोर, अनवाणी पाय, हातात शहराच्या किल्ल्या घेऊन निघालेले सहा प्रतिष्ठित नागरिक. एडवर्ड त्यांना मारायला निघालेला आणि गरोदर राणी फिलिपाने गुडघे टेकून मागितलेलं त्यांचं जीवदान. हा सगळा प्रसंग आधी ठरवून बसवलेला असावा, असं मानणारे इतिहासकार आहेत. काही का असेना, त्यांच्यातला म्होरक्या युस्ताश द सें-पिएर पुढे त्याच एडवर्डकडून वर्षासन घेऊ लागला, हे शिल्पात दिसत नाही. फ्रान्सचा राजा सहावा फिलिप मोठी फौज घेऊन शहराच्या जवळ आला होता. इंग्रजांचा बंदोबस्त पाहून तो १ ऑगस्टला निघून गेला आणि दोन दिवसांत उपाशी शहराने दार उघडलं. एडवर्डने बहुतेक रहिवाशांना बाहेर काढून तिथे इंग्रज वसवले. कॅले १५५८ पर्यंत इंग्लंडकडे राहिलं. दोनशे अकरा वर्षं, म्हणजे त्या वर्षीच्या युरोपीय राजकारणातली ही बरीच टिकाऊ गोष्ट म्हणायची.

आता दौलताबाद. इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे ही हकिकत ‘हसन गंगू’ या दोन शब्दांतच गुंडाळली जाते.

महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीकरांना देवगिरीला हलवलं, तो वेडेपणा होता की शहाणपणा हा वाद जुना आहे. इसामी नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा त्या लोंढ्यात होता. त्याचे नव्वद वर्षांचे आजोबा पहिल्याच मुक्कामी, तिलपतला, वारले. पुढे हाच इसामी बहमनी दरबाराच्या आश्रयाने ‘फुतूह-उस-सलातीन’ हे फार्सी महाकाव्य लिहून १३५० साली पुरं करतो. तुघलकाबद्दल तो बोलतो तेव्हा त्याच्या तोंडून ते आजोबाही बोलत असतात, हे ध्यानात ठेवूनच त्याला वाचावं. पण स्थलांतराचा खरा परिणाम वेगळाच झाला. दिल्ली परत वसवली गेली तरी दख्खनमध्ये आलेली पुष्कळ माणसं इथेच राहिली. वीस वर्षांत त्यांची घरं, जमिनी, सोयरिकी इथे झाल्या. दिल्लीने पाठवलेली माणसं दिल्लीची उरली नाहीत.

त्यांच्यातले कळीचे लोक म्हणजे ‘अमीरान-ए-सदा’, शंभरांचे अंमलदार. वसुली आणि फौज दोन्ही त्यांच्या हातात. सुलतानाला त्यांचा संशय येऊ लागला होता. माळव्यात त्याने नेमलेल्या अझीझ खम्मारने धार इथे अशा सुमारे ऐंशी अमीरांची एकदम मुंडकी उडवली, आणि दरबारात त्याची पाठ थोपटली गेली. ही बातमी गुजरात आणि दख्खनमध्ये पोचायला वेळ लागला नाही. गुजरातेत बंड पेटलं. ते मोडायला सुलतान भडोचला आला आणि त्याने दौलताबादच्या अमीरांना तिथे हजर व्हायचं फर्मान काढलं. निघालेले अमीर वाटेत शुद्धीवर आले म्हणा, घाबरले म्हणा. ते मागे फिरले, सुभेदाराला कैद केलं, खजिना ताब्यात घेतला आणि इस्माईल मख या आपल्यातल्याच वयस्क सरदाराला सुलतान केलं.

महंमद तुघलक स्वतः चालून आला, त्याने मैदानात बंडखोरांना हरवलं आणि देवगिरीच्या किल्ल्याला वेढा घातला. डाव जवळजवळ जिंकलेला होता. तेवढ्यात गुजरातेत तघी नावाच्या माणसाने पुन्हा बंड केलं, आणि सुलतानाला वेढा दुसऱ्यांवर सोपवून तिकडे धावावं लागलं. जफरखान हा किताब असलेल्या हसनने ती संधी साधली. बीदरच्या बाजूला सुलतानाचा सेनापती इमाद-उल-मुल्क याला लढाईत मारून तो दौलताबादकडे निघाला. इस्माईलने काळाची पावलं ओळखून गादी सोडली. कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने किल्ल्यात बांधलेल्या मशिदीत हसनचा राज्याभिषेक झाला आणि तो अलाउद्दीन हसन बहमनशाह झाला. लवकरच राजधानी गुलबर्ग्याला गेली.

‘गंगू’ नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाच्या शेतात हसनला धन सापडलं, त्याने ते प्रामाणिकपणे मालकाला दिलं आणि उपकार म्हणून पुढे राज्याला ब्राह्मणाचं नाव दिलं, ही गोष्ट फिरिश्ताची. फिरिश्ता लिहितो अडीचशे वर्षांनी. समकालीन इसामी हसनचं मूळ इराणच्या पुराणातल्या बहमन राजाशी जोडतो. ते मूळही खरं असण्याची शक्यता कमी. नव्या राजाला जुना वंश लागतोच. पण लोकांना आवडली ती फिरिश्ताची गोष्ट, आणि पाठ्यपुस्तकांतही तीच शिरली.

या धामधुमीत इतिहासकार झियाउद्दीन बरनी सुलतानाच्या छावणीत होता. देवगिरी गेल्याची खबर आल्यावर सुलतान त्याला म्हणाला ते असं: आपलं राज्य आजारी पडलं आहे, एका जागी औषध करावं तर दुसऱ्या जागी दुखणं उठतं. बरनीने मोठ्या धीराने सुचवलं की अशा वेळी पूर्वीचे राजे गादी मुलाकडे देत किंवा राज्यकारभार विश्वासू लोकांवर सोपवत. सुलतानाने ऐकलं नाही. तघीचा पाठलाग करता करता १३५१ साली सिंधमध्ये ठठ्ठ्याजवळ तो वारला. दख्खन त्याला पुन्हा दिसलं नाही.

याच सुलतानाच्या धाकाने आणखी एक माणूस त्या वर्षी वाट बदलत होता. इब्न बतूता चीनहून परतताना मलबारच्या किनाऱ्याला लागला. दिल्लीला जावं असं त्याच्या मनात आलं. तो कधीकाळी तिथला काझी होता आणि चीनकडे निघाला होता तो याच सुलतानाचा वकील म्हणून. ते काम धुळीला मिळालेलं. भीती वाटली, आणि त्याने अरबस्तानची वाट धरून धोफर गाठलं. काही वर्षांपूर्वी तो दौलताबाद, नंदुरबार भागातून गेला होता. मराठे कारागिरीत, वैद्यकात, ज्योतिषात हुशार. जेवण भात, भाजी आणि तिळाच्या तेलाचं. आंघोळ केल्याशिवाय जेवत नाहीत, असं तो लिहितो. दौलताबादच्या द्राक्ष-डाळिंबांचं त्याला कौतुक. आणि किल्ल्यातल्या तळघरांत कैद्यांना छळणारे मांजराहून मोठे उंदीर असल्याची ऐकीव हकिकतही त्याने नोंदली आहे. मांजरंच त्यांना भिऊन पळतात म्हणे.

उंदरांच्या आकारात अतिशयोक्ती असेल. त्या वर्षीच्या जगात उंदरांनी जे केलं त्यात मात्र नाही.

आजच्या किरगिझस्तानात इसिक-कूल सरोवराजवळ ख्रिस्ती लोकांची जुनी कबरस्तानं आहेत. तिथे १३३८ आणि १३३९ या दोन सालांचे थडग्यावरचे दगड एकाएकी वाढलेले दिसतात. काहींवर साथीने मेल्याचं कोरलेलंही आहे. त्या सांगाड्यांच्या दातांत प्लेगच्या जंतूचे अंश सापडल्याचं संशोधकांनी २०२२ साली जाहीर केलं. तिथून काळ्या समुद्रापर्यंत रोग आला तो टप्प्याटप्प्याने. क्रिमियातल्या काफा या जिनोआच्या वखारीला मंगोल खान जानीबेगने वेढा घातला, त्याच्या फौजेत साथ पसरली, आणि मेलेल्यांची प्रेतं त्याने गोफणयंत्रांनी तटाच्या आत फेकली, ही कथा जगभर सांगितली जाते. ती लिहिणारा गाब्रिएले दे मुस्सी तेव्हा काफात नव्हता, इटलीतल्या पिआचेंझात होता. कथा अंगावर काटा आणते म्हणून टिकली. मला पटतं ते दुसरं, रुक्ष वाटणारं स्पष्टीकरण: दाणा.

१३४५-४६ मध्ये इटलीत अतिवृष्टीने पिकं बुडाली. एप्रिल १३४७ मध्ये फ्लॉरेन्समध्ये चौऱ्याण्णव हजार माणसं सरकारी पावावर जगत होती, असं जोव्हान्नी व्हिल्लानी लिहितो. काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गहू इटलीला हवाच होता. पण मंगोलांशी भांडण होऊन तिथला व्यापार काही वर्षं बंद पडला होता. १३४७ साली समेट झाला आणि जहाजं पुन्हा भरू लागली. गव्हाबरोबर उंदीर, उंदरांबरोबर पिसवा. म्हणजे साथ आणली ती वेढ्याने नव्हे, वेढा उठल्यानंतरच्या तहाने, असं काही संशोधक मांडतात. उपासमार टाळण्यासाठी केलेल्या शहाणपणाच्या खरेदीतून हे घडलं असेल, तर त्या वर्षातली सर्वांत क्रूर घटना म्हणून हीच निवडावी लागेल.

उन्हाळ्यात प्लेग कॉन्स्टँटिनोपलला पोचला. काचेचा मुकुट घातलेल्या सम्राटाचा धाकटा मुलगा त्यात गेला. रोगाचं वर्णन त्या बापाने स्वतः लिहून ठेवलं आहे. शरदात अलेक्झांड्रिया. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सिसिलीच्या मेसिना बंदरात जिनोआची बारा गलबतं लागली. मेसिनाकरांनी ती हुसकावून लावली, पण उशीर झाला होता. ते पळाले कातानियाला आणि तिथल्या बिशपला विनवू लागले की संत आगाथाच्या पवित्र अस्थी आमच्या गावाला न्या. बिशप तयार झाला. कातानियाचे लोक मात्र बिथरले; त्यांनी चर्चच्या रखवालदाराकडून किल्ल्या हिसकावून घेतल्या. आमची संत आमच्याकडेच! शेवटी तडजोड निघाली. अस्थी पाण्यात बुडवल्या आणि ते तीर्थ घेऊन बिशप मेसिनाला गेला. थोड्याच काळात तोही प्लेगने मेला. ही हकिकत मिकेले दा पियात्सा या फ्रान्सिस्कन साधूची. नोव्हेंबरमध्ये मार्सेय. पुढच्या चार वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. कित्येक अभ्यासक हा आकडा निम्म्यापर्यंत नेतात.

मराठी वाचकाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. १८९६ साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा सापडला तो मांडवीला, धान्याच्या गोदामांच्या वस्तीत. घरात उंदीर पडले की माणसांनी घर सोडायचं, हे आपल्या पणजोबांना अनुभवाने कळलं होतं. यर्सिनने जंतू शोधला होता १८९४ साली हाँगकाँगला. पिसवांचा दुवा सिमाँने १८९८ साली दाखवला तो कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच. कातानियाच्या बिशपला जे कळायला हवं होतं ते कळायला साडेपाचशे वर्षं लागली.

बाकी माणसांचा हिशेब थोडक्यात. विल्यम ऑफ ओकम म्यूनिकमध्ये वारला, चर्चने बहिष्कृत केलेला. त्याला आसरा देणारा सम्राट लुडविग ऑक्टोबरमध्ये अस्वलाच्या शिकारीत गेला, आणि त्याचा प्रतिस्पर्धी चौथा चार्ल्स मोकळा झाला. प्रागला विद्यापीठ काढायची पोपची परवानगी चार्ल्सला जानेवारीतच मिळाली होती; ते विद्यापीठ आजही चालू आहे. सिएनात एका रंगाऱ्याच्या, लेकुरवाळ्या म्हणजे किती तर वीसहून जास्त मुलांच्या घरात, परंपरा सांगते त्याप्रमाणे २५ मार्चला कॅथरीन जन्मली. जुळ्यातली दुसरी जगली नाही. हीच कॅथरीन पुढे पत्रांवर पत्रं लिहून पोपला आविन्योहून रोमला आणण्याच्या मागे लागली. १३७७ साली पोप परतला. कोलाला मुकुट घालून जे साधलं नाही त्यातलं निदान अर्धं तिने साधलं. समरकंदच्या बाजूला तैमूर तेव्हा अकरा वर्षांचा होता. ट्यूनिस शहर सप्टेंबरमध्ये मोरोक्कोच्या सुलतानाने घेतलं; त्याच्याबरोबर आलेल्या पंडितांकडे शिकणारा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणजे इब्न खल्दून. पुढच्या वर्षी प्लेगने त्याचे आईबाप नेले. साम्राज्यं का मोडतात यावर मध्ययुगातलं सर्वांत खोल लिखाण पुढे त्याने केलं, ते पुस्तकी ज्ञानातून नव्हे.

आणि आपले नामदेव. परंपरेने मानलेल्या सालांप्रमाणे ते तेव्हा सत्त्याहत्तरीत होते. यादवांचं वैभव, खिलजींची स्वारी, तुघलकाची राजधानी आणि बहमनी तख्त, हे सगळं एका माणसाच्या आयुष्यात बसलं.

टिकलं काय, याचा निवाडा करायचा तर माझं मत हसनच्या बाजूने. दख्खन दिल्लीपासून सुटलं ते पुन्हा दिल्लीच्या हाती लागायला मुघलांना १६०० साली अहमदनगर आणि १६३३ साली दौलताबाद घ्यावं लागलं. मधल्या अडीच-पावणेतीन शतकांत बहमनी, मग निजामशाही-आदिलशाही, आणि त्यांच्या फौजांत नि दफ्तरांत वाढलेली मराठी घराणी. शहाजीराजांचं राजकारण या पायावर उभं आहे. हा पाया खिलजी-तुघलकांनी घातला नाही. त्यांच्याविरुद्ध बंड करणाऱ्या, त्यांच्याच अमीरांनी घातला.

एक प्रश्न मात्र अजून निकालात निघालेला नाही: काळा मृत्यू हिंदुस्थानात आला होता का? इब्न बतूता मदुरैच्या साथीबद्दल लिहितो, तुघलकाच्या फौजेत तेलंगणात पसरलेल्या रोगाचेही उल्लेख आहेत. पण तो प्लेगच होता का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बखरी आणि फार्सी तवारिखा उलगडून याचं उत्तर मिळणार नाही. इसिक-कूलला जे केलं ते इथे करून पाहायला हवं. उष्ण हवेत जंतूचे अंश टिकणं अवघड, हे खरं. पण दौलताबाद, खुलताबाद, गुलबर्गा, बीदर या गावांभोवती पुढे कधी उत्खननात चौदाव्या शतकातले सांगाडे हाती लागले, तर पुरातत्त्व खात्याने आणि विद्यापीठांनी निदान त्यांचे दात तपासणीसाठी राखून ठेवावेत.